‘गॅस’ म्हणजे नेमके काय? पोटफुगीची कारणे, उपाय आणि शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

मराठी घरात ‘गॅस झाला’ हे वाक्य किती निरनिराळ्या तक्रारींसाठी वापरले जाते, याची मोजदाद केली तर थक्क व्हायला होते. जेवणानंतर पोट डब्ब होणे, आंबट ढेकर येणे, छातीत जळजळणे, पोटात गुडगुडणे, वारंवार वारा सरणे, बरगडीखाली टोचणे. एवढेच नव्हे तर पाठीत भरलेली उसणसुद्धा आपण या एकाच शब्दाच्या खात्यावर जमा करतो. जुन्या मराठीची या बाबतीतली स्थिती बरी होती. पोटाला तडस लागे, पोटात गुबारा धरे, ढेकर करपट असे किंवा आंबट असे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत आध्मान, आटोप, उदावर्त अशा स्वतंत्र संज्ञा आहेत. इंग्रजीतून आलेल्या ‘गॅस’ने हे सारे शब्द गिळले.

पुण्या-नागपूरच्या डॉक्टरांना या शब्दाची व्याप्ती ठाऊक असते आणि ते पुढचे प्रश्न विचारतात. व्हँकुव्हरच्या वॉक-इन क्लिनिकमध्ये दहा मिनिटांच्या भेटीत ‘गॅस’ म्हटले, तर समोरचा डॉक्टर त्याचा अर्थ ढेकर किंवा वारा सरणे एवढाच घेतो. सुपर व्हिसावर आलेल्या आईच्या छातीतली जळजळ किंवा वडिलांच्या छातीवरचा दाब भाषांतर करताना आपण ‘गॅस’ म्हणून सांगितला, तर तपासणीची दिशाच चुकते. म्हणून वायू कोठे आहे, तो तेथे कसा आला आणि मुळात तो वायूच आहे का, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतात. उपाय त्यानंतरचा.

वायू येतो कोठून

निरोगी माणसाच्या पचनमार्गात कोणत्याही क्षणी साधारण २०० मिलिलिटरच्या आसपास वायू असतो आणि दिवसभरात अर्धा ते दीड लिटर वायू बाहेर पडतो. दिवसातून १० ते २० वेळा वारा सरणे हे पूर्णतः स्वाभाविक आहे. हा आकडा ऐकून पुष्कळांचा अर्धा आजार बरा होतो.

या वायूचे मुख्य उगम दोन. पहिला, गिळलेली हवा. घाईघाईने जेवणे, जेवताना बोलणे, च्युइंग गम, नळीने पिणे, धूम्रपान, घोरण्यावरचे सीपॅप यंत्र यांमुळे नायट्रोजन आणि प्राणवायू जठरात जातात व बहुतांशी ढेकरेवाटे परत येतात. सोड्याच्या पेयांतला कार्बन डायऑक्साइड याच वाटेने जातो. दुसरा उगम मोठ्या आतड्यातला. लहान आतड्यात न पचलेली कर्बोदके तेथे पोहोचली की तेथील जिवाणू ती आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काही जणांत मिथेन तयार होतो. हे सारे वायू गंधहीन आहेत. दुर्गंधी येते ती एक टक्क्याहूनही कमी असलेल्या गंधकयुक्त संयुगांमुळे. म्हणजे वायूचे प्रमाण आणि त्याचा वास यांचा परस्परसंबंध फारसा नाही.

मात्र पोट फुगल्यासारखे वाटणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात जादा वायू असतोच असे नाही. बार्सिलोना येथील संशोधकांनी अशा रुग्णांच्या पोटाचे सीटी स्कॅन करून पाहिले, तेव्हा अनेकांत वायूचे प्रमाण जवळजवळ नेहमीइतकेच आढळले. फरक होता तो मध्यपटलाच्या वागण्यात. जेवणानंतर ते वर सरकण्याऐवजी खाली दाबले जात होते आणि पोटाची पुढची भिंत सैल पडत होती. अशा वेळी पोट खरोखरच पुढे येते, पण वायुनाशक गोळीने ओसरत नाही. पोटाने सावकाश श्वास घेण्याचा सराव आणि आतड्यांच्या अतिसंवेदनशीलतेवरचे उपचार येथे उपयोगी पडतात. याच्या जोडीला एक साधे कारण विसरले जाते, ते म्हणजे बद्धकोष्ठ. दिवसभर संगणकासमोर बसणारा, पाणी कमी पिणारा आणि सकाळी सव्वासातची स्कायट्रेन गाठण्यासाठी शौचाचा वेग दाबून ठेवणारा मनुष्य पोटफुगीसाठी आहाराची पथ्ये शोधत राहतो. चरकसंहितेत जे वेग धरून ठेवू नयेत असे सांगितले आहे, त्यांत मलाचा आणि अपानवायूचा वेग दोन्ही आहेत. कार्यालयीन बैठकीत त्याचे पालन कठीण, हे मान्य. पण बैठकीआधी पाच मिनिटे काढता येतात.

कडधान्ये, कांदा आणि दूध

आपल्या स्वयंपाकातील वायूचे तीन मोठे स्रोत म्हणजे कडधान्यांतील रॅफिनोज व स्टॅकिओज, कांदा-लसूण-गव्हातील फ्रुक्टान आणि दुधातील लॅक्टोज. मानवी आतड्यात रॅफिनोज फोडणारे विकर नाही, त्यामुळे राजमा, छोले, वाल, हरभरा कोणालाही थोडाफार वायू करणारच. कडधान्य रात्रभर, म्हणजे ८ ते १२ तास भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात शिजवावे, म्हणजे या शर्करांचा मोठा भाग निघून जातो. मोड आणले तर आणखी घटतो. मटकीच्या उसळीमागचे शहाणपण हेच. व्हँकुव्हरच्या हिवाळ्यात मोड येत नाहीत ही तक्रार नेहमीची. केवळ दिवा लावून ठेवलेल्या बंद ओव्हनमध्ये भांडे ठेवले की काम होते. डब्यातले छोले वापरणाऱ्यांनी त्यातले पाणी ओतून देऊन दाणे धुऊन घ्यावेत. मसूर परदेशाला विकणाऱ्या देशांत कॅनडा अग्रेसर आहे, त्यामुळे मुंबईत जी मसुराची आमटी सोसते ती येथे ‘पाणी बदलल्यामुळे’ बाधते, हा समज टिकणारा नाही. कदाचित मसूर तीच असेल, भिजवणे मात्र इन्स्टंट पॉटच्या घाईत सुटलेले असते. अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर गोळीच्या रूपात औषधांच्या दुकानांत मिळते. ते पहिल्या घासासोबत घेतले तरच उपयोगी.

कांदा-लसणाचे प्रकरण अधिक त्रासदायक, कारण ते वाटणात, मसाल्यात, आमटीत सर्वत्र असतात. येथे एक रासायनिक सवलत आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर फोडणीला स्वाद राहतो आणि त्रास टळतो. आमटीत टाकलेली पाकळी नंतर काढून मात्र काही साधत नाही, ती तोवर विरघळलेली असते. हिंग कांद्याच्या स्वादाची उणीव भरून काढतो, परंतु बाजारातील बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचे पीठ असते. सिलिअ‍ॅक विकार असलेल्यांनी वेष्टन वाचूनच तो घ्यावा. चातुर्मासात कांदा-लसूण सोडल्यावर पोट हलके वाटते असे अनेक जण सांगतात. त्यात तथ्य असू शकते, पण त्याच काळात बाहेरचे खाणेही कमी होते, हे विसरू नये.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेला ‘लो फॉडमॅप’ आहार याच शर्करांवर बेतलेला आहे. आतड्यांची अतिसंवेदनशीलता असलेल्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. तो जन्मभराचे पथ्य म्हणून पाळणे ही मात्र चूक आहे. दोन ते सहा आठवडे कडक पालन, त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून पाहणे आणि शेवटी आपल्याला जे खरोखर बाधते तेवढेच वर्ज्य करणे, असे त्याचे तीन टप्पे आहेत. शाकाहारी कुटुंबात डाळी व गहू एकदम काढल्यास प्रथिने आणि तंतू दोन्ही घटतात, म्हणून आहारतज्ज्ञाचा सल्ला घेऊनच तो करावा.

दुधाविषयी थोडक्यात. प्रौढ वयात लॅक्टोज पचवण्याची क्षमता घटणे भारतीयांत सर्वसामान्य आहे. तरीही एक पेला दूध, म्हणजे साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, जेवणासोबत पुष्कळांना सोसते; चहातले दूध तर क्षुल्लकच. ताक, घट्ट दही, तूप, जुने चीज यांचा त्रास कमी. याउलट ‘आरोग्यदायी’ म्हणून घेतलेल्या प्रथिनांच्या पट्ट्या, त्यांतील चिकोरीचे तंतू आणि साखरविरहित गोळ्यांतील सॉर्बिटॉल व झायलिटॉल हे येथल्या नोकरदारांच्या पोटफुगीचे उपेक्षित गुन्हेगार आहेत.

औषधांच्या डब्यात

भारतातून येताना आईवडील सहा महिन्यांची औषधे आणतात. त्यांत मधुमेहासाठी अकार्बोज किंवा व्होग्लिबोज असेल, तर पोटफुगीचे कारण सापडलेच. ही औषधे कर्बोदके मुद्दाम न पचू देता पुढे ढकलतात आणि आतड्यातले जिवाणू त्यांवर ताव मारतात. मेटफॉर्मिननेही सुरुवातीस असा त्रास होतो. सेमाग्लुटाइडने जठर रिते होण्याचा वेग मंदावतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांशी बोलून मात्रा किंवा प्रकार बदलता येतो.

सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी ‘गॅसची गोळी’ बहुधा पँटोप्राझोल असते. ती आम्ल कमी करते, वायू नव्हे. तिच्यासोबत डोम्पेरिडोन जोडलेले असेल तर अधिक सावध राहावे. हृदयविकार असलेल्यांत किंवा ठरावीक औषधे चालू असलेल्यांत त्याने हृदयाची लय बिघडण्याचा धोका असल्याचा इशारा हेल्थ कॅनडाने दिलेला आहे. फ्रूट सॉल्टची गंमत निराळीच. खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल पाण्यात पडले की कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, तो ढेकर होऊन बाहेर येतो आणि गॅस गेला असे वाटते. गेलेला वायू आपणच आत्ता प्यायलेला असतो! आम्ल थोडे शमते हे खरे, पण त्यातील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला परवडणारे नाही.

सिमेथिकोन सुरक्षित आहे. त्याच्या परिणामाचा पुरावा मात्र तुटपुंजा. पुदिन्याच्या तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल अतिसंवेदनशील आतड्यांच्या दुखण्यावर बऱ्यापैकी उपयोगी ठरल्या आहेत, पण जळजळीचा त्रास असणाऱ्यांना त्या सोसत नाहीत. ओवा, जिरे, सुंठ घालून ताक, जेवणानंतरची शतपावली, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, पवनमुक्तासन हे घरगुती उपाय निरुपद्रवी आहेत आणि अनेकांना त्यांनी आराम पडतो. हिंग्वाष्टक चूर्ण पहिल्या घासाला तूपभातात घेण्याची पद्धत आहे. येथे विकत घेताना त्यावर कॅनडाचा आठ आकडी एनपीएन क्रमांक आहे का ते पाहावे, कारण अनधिकृत आयुर्वेदिक उत्पादनांत जड धातू आढळल्याचे इशारे वेळोवेळी निघाले आहेत.

शस्त्रक्रियेनंतर: वायू दोन, जागा दोन

पित्ताशय, गर्भाशय, अपेंडिक्स, हर्निया यांच्या शस्त्रक्रिया आता बहुतांशी दुर्बिणीने होतात. पित्ताशयाची पहिली दुर्बिणीची शस्त्रक्रिया १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूह यांनी केली. भारतातील पहिली १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी. या पद्धतीत पोटाची पोकळी कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, म्हणजे उपकरणांना जागा मिळते. हाच वायू निवडण्याचे कारण असे की तो ज्वलनशील नाही आणि रक्तात चटकन विरघळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो.

शेवटी बहुतेक वायू काढून घेतला तरी थोडा मागे राहतो. व्हँकुव्हरमध्ये पित्ताशयाचा रुग्ण पुष्कळदा त्याच सायंकाळी घरी येतो आणि रात्री त्याचा उजवा किंवा दोन्ही खांदे ठणकू लागतात. पोटाची शस्त्रक्रिया आणि दुखणे खांद्यात, म्हणून घरचे हवालदिल होतात. उलगडा सोपा आहे. मागे राहिलेला वायू मध्यपटलाखाली जमून त्याला चाळवतो. मध्यपटलाची संवेदना नेणारी फ्रेनिक नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूंपासून निघते, आणि खांद्याची संवेदनाही त्याच पातळीवर पोहोचते. मेंदू पत्ता चुकतो एवढेच. उठून बसल्यावर वायू वर सरकतो म्हणून दुखणे वाढते, सपाट निजल्यावर कमी होते. बहुधा दोन-तीन दिवसांत, क्वचित आठवड्याभरात ते थांबते.

हा वायू आतड्यांच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत आहे. त्यामुळे तो ढेकरेने जाणार नाही, वाऱ्याने सरणार नाही, आणि सिमेथिकोन, ओवा किंवा फ्रूट सॉल्ट यांपैकी काहीही त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. तो रक्तात शोषला जाऊन श्वासावाटेच जाईल. घरातल्या घरात थोडे-थोडे चालणे, दीर्घ श्वास, खांद्यावर शेक, अधूनमधून सपाट पडून राहणे आणि शल्यविशारदाने सांगितलेली वेदनाशामके वेळेवर घेणे, एवढे पुरे.

दुसरा वायू आतड्यांतला. भूल, आतड्यांची हाताळणी, दाह आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांमुळे आतड्यांची हालचाल थंडावते. लहान आतडे काही तासांत जागे होते, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे सर्वांत आळशी; पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर त्याला दोन-तीन दिवस हवे असतात. तोवर पोट ताणते, मळमळते. ‘वारा सरला का?’ हा भारतातील रुग्णालयांतला प्रश्न याचसाठी असतो.

वारा सरल्याशिवाय पाणीही नाही, हा जुना नियम आता पुष्कळ शस्त्रक्रियांत मागे पडला आहे. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या शीघ्र सुधारणेच्या पद्धतीत लवकर खाणेपिणे, लवकर चालवणे आणि अफूवर्गीय औषधे कमीत कमी वापरणे यांवर भर आहे, आणि ब्रिटिश कोलंबियातील रुग्णालयांनीही तिचा स्वीकार केला आहे. सिझेरियननंतर काही तासांतच परिचारिका टोस्ट आणून देते तेव्हा बाळंतपणाला आलेली आजी धसकते. येथे परिचारिकेचे ऐकावे. आजींचा पातळ मऊ भात, तूप आणि ओव्याचे पाणी यांना घरी गेल्यावर भरपूर वाव आहे. डिंकाचे-मेथीचे लाडू मात्र शौच नियमित होईपर्यंत थांबू शकतात.

च्युइंग गमविषयी गमतीदार विसंगती आहे. एरवी हवा गिळायला लावणारा हा पदार्थ शस्त्रक्रियेनंतर दिवसातून तीनदा थोडा वेळ चघळला तर जेवण येत असल्याचा संदेश आतड्यांना मिळतो आणि ती किंचित लवकर जागी होतात. सिझेरियन आणि मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांवरील अनेक चाचण्यांत असा लाभ दिसला आहे, जरी तो मोठा नाही. गिळणे सुरक्षित आहे असे सांगितल्यावरच हा प्रयोग करावा. बद्धकोष्ठासाठी रेचक लागले तर मागून घ्यावे; कोडीनवर्गीय गोळ्या चालू असताना ते बहुधा लागतेच. टाके ओले असताना पवनमुक्तासन नको.

आम्लओहोटीसाठी जठराचा वरचा भाग गुंडाळण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना ढेकर देता येत नाही आणि वायू अडकून पोट ताणते. हा त्रास ज्ञात आहे. थोडे-थोडे खाणे आणि सोड्याची पेये टाळणे हा त्यावरचा पहिला उपाय.

पुढील लक्षणे ‘ऑपरेशननंतरचा गॅस’ म्हणून सोडू नयेत: दिवसागणिक वाढत जाणारे दुखणे, ताप, कावीळ, वारंवार उलट्या, वारा आणि शौच दोन्ही बंद होऊन पोट दगडासारखे होणे, धाप लागणे, एका पोटरीला सूज. आतडी परस्परांना चिकटून होणारा अडथळा तर शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनीही येऊ शकतो.

जो गॅस नसतो

हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातून चालवलेल्या इंटरहार्ट या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा सुमारे ५ ते ६ वर्षे आधी येतो असे दिसले. तो झटका पोटाच्या वरच्या भागात दाब, ढेकर, मळमळ अशा रूपातही येतो, विशेषतः स्त्रियांत आणि मधुमेहींत. चालताना किंवा जिना चढताना येणारा आणि थांबल्यावर ओसरणारा ‘गॅस’ हा गॅस नव्हे असेच धरून चालावे. दाबासोबत घाम, धाप, जबडा किंवा हात दुखणे असेल तर फ्रूट सॉल्टचा पेला न भरता ९११ ला दूरध्वनी करावा. स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जाऊ नये.

स्त्रियांच्या बाबतीत दुसरी गोष्ट. येत-जात नसलेली, आठवड्यानुआठवडे टिकणारी पोटफुगी, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे आणि वारंवार लघवी ही अंडाशयाच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात. पन्नाशीनंतर प्रथमच ‘पोटाचा त्रास’ सुरू झाला तर तपासणी मागून घ्यावी. या कर्करोगाच्या प्रतिबंधाचे महत्त्वाचे काम व्हँकुव्हरमध्येच झाले आहे. येथील ओव्हकेअर या संशोधकगटाने २०१० मध्ये प्रांतातील शल्यविशारदांना आवाहन केले, की गर्भाशय काढताना किंवा संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेत बीजवाहिन्याही काढाव्यात, कारण या कर्करोगाचा सर्वांत घातक प्रकार बहुधा तेथून सुरू होतो. अशी शस्त्रक्रिया ठरली असेल तर हा विषय आपणहून काढावा.

वजन घटणे, शौचावाटे रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय यांपैकी काही जोडीला असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

कोणाला विचारावे, प्रवास केव्हा करावा

ब्रिटिश कोलंबियात ८११ या क्रमांकावर कोणत्याही वेळी परिचारिकेशी विनामूल्य बोलता येते, ठरावीक वेळांत आहारतज्ज्ञही भेटतात आणि शंभराहून अधिक भाषांत दुभाष्याची सोय आहे. जून २०२३ पासून प्रांतातील औषधविक्रेते अपचन आणि आम्लओहोटीसारख्या किरकोळ तक्रारींवर स्वतः तपासून औषध देऊ शकतात. आईवडिलांसोबत जाताना ‘गॅस’ हा शब्द टाळून चार गोष्टी सांगाव्यात: दुखते की केवळ ताणते, नेमके कोठे, जेवणाशी, चालण्याशी किंवा शौचाशी त्याचा काय संबंध, आणि किती दिवसांपासून. भारतातल्या गोळ्यांची वेष्टने सोबत न्यावीत; तेथील व्यापारी नावे येथे कोणाला कळत नाहीत.

विमान उंचीवर असताना आतील हवेचा दाब सुमारे ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका असतो. त्यामुळे पोटातला वायू पाव ते एक तृतीयांश पटीने प्रसरण पावतो. व्हँकुव्हर-मुंबई प्रवासात कंबरेचा पट्टा घट्ट होतो तो यामुळे. आदल्या रात्री राजमा टाळणे, सैल कपडे आणि मधूनमधून चालणे एवढ्याने भागते. शस्त्रक्रियेनंतर मात्र हे प्रसरण टाक्यांवर आणि जोडलेल्या आतड्यावर ताण आणते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या सर्वसाधारण मार्गदर्शनानुसार दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर १ ते २ दिवस, पोटाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर ४ ते ५ दिवस आणि गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेनंतर १० दिवस विमानप्रवास टाळावा. हे किमान दिवस आहेत. दोन टप्प्यांत वीस-बावीस तास बसून राहण्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वेगळा असतो, म्हणून परतीचे तिकीट काढण्यापूर्वी शल्यविशारदाकडून प्रवासाची तारीख लेखी घ्यावी आणि विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज लागतो का, तेही विचारून ठेवावे.